हरिकेन बांधताना : १/७२ किट घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हॉकर हरिकेन हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. त्याच्या १/७२ म्हणजे मूळ विमानाच्या ७२ पट लहान अशा प्लॅस्टिकच्या किटसोबत आम्ही हे पत्रक देतो. कुठला भाग कुठे चिकटवायचा, ते डब्यातल्या सूचनांमध्ये आकड्यांनी दाखवलेलं असतंच. या विमानाचं अंग कुठे पत्र्याचं आणि कुठे कापडाचं, हे मात्र त्या सूचना सांगत नाहीत. ते कळलं की घासणं, रंगवणं, जुनं दाखवणं हे सगळं बदलतं. म्हणून आमची विनंती आहे की कटर हातात घेण्याआधी हे वाचा.

विमान कसं होतं

सिडनी कॅम यांनी आखलेलं हे विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजी ब्रुकलँड्सला पहिल्यांदा उडालं. पंखांची एकच जोडी, आत मिटणारी चाकं आणि रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन, हे सगळं त्या काळात नवं होतं. मागचं धड मात्र कॅम यांनी जुन्या दुपंखी विमानांसारखंच ठेवलं. धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी कमानी आणि पट्ट्या, आणि सर्वांत वर ताणून रोगण दिलेलं कापड. कारखान्यातल्या कामगारांना ही पद्धत पाठ होती. शिवाय गोळ्या आरपार गेल्या तरी तळावरच कापडाचं ठिगळ लावून विमान पुन्हा उडवता येत असे. १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत स्पिटफायर या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानापेक्षा हरिकेनची संख्या जास्त होती, त्यामागे हा सोपेपणाही आहे. युद्ध संपेपर्यंत १४ हजारांहून जास्त हरिकेन तयार झाली.

तुमच्या हातातल्या मार्क दोनमध्ये, म्हणजे हरिकेनच्या दुसऱ्या आवृत्तीत, नाक, कॉकपिटच्या कडा आणि पंख धातूचे आहेत. कॉकपिटच्या मागचं धड आणि शेपटीचं सुकाणू कापडाचं. छत्रीच्या काड्यांवर कापड ताणलं की जसे उंचवटे दिसतात, तशाच धडावर लांबट रेषा दिसतात. चांगल्या किटमध्ये त्या अगदी हलक्या हाताने कोरलेल्या असतात.

आधी जोडणी

भाग फ्रेमवर (ते ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर) असतानाच भांडी घासायच्या साबणाने धुऊन वाळवा. साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. कॉकपिटला खरोखरची जमीन नाही. वैमानिकाच्या पायांखाली फक्त दोन पन्हळी होत्या आणि त्याखाली अंधारात नळ्या, तारा. नळ्यांचा सांगाडा रुपेरी, कडेच्या पत्र्यांना करडट हिरवा आणि सर्वांत खाली गडद सावली एवढं केलंत तरी १/७२ मध्ये पुरतं. सीटचे पट्टे मास्किंग टेपच्या बारीक कापट्यांचे करा. दुकानात धातूचे तयार पट्टेही मिळतात, पण काच बंद झाल्यावर फरक फारसा दिसत नाही, तेव्हा तो खर्च टाळलात तरी चालेल.

धडाचे दोन अर्धे जोडताना घाई करू नका. पातळ सिमेंटचा (प्लॅस्टिक जोडायच्या द्रवाचा) ब्रश फटीच्या तोंडाशी नुसता टेकवा, सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. मग हलका दाब दिला की वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड वर येते. ती किमान एक दिवस तशीच ठेवा आणि मग पात्याने खरवडा. पाठीवर नेमक्या याच जागी कापडाचे उंचवटे असतात. पॉलिश पेपर जोरात फिरवला तर ते पुसले जातात आणि एकदा गेले की परत आणणं फार कठीण. सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावा, मधली दोन मिलिमीटरची पट्टी तेवढी उघडी ठेवा आणि ओल्या बारीक पेपरने घासा. पुट्टी लागलीच तर अगदी कणभर. नाकावर आणि पंखांच्या मुळाशी मात्र बिनधास्त घासा, तिथे सपाट पत्राच आहे.

पंखांचा मधला भाग सपाट असतो आणि बाहेरचे भाग थोडे वर उचललेले असतात. सिमेंट ओलं असताना समोरून बघून दोन्ही टोकांची उंची सारखी करून घ्या. पूर्ण विमानाची रुंदी साधारण १७ सेंटीमीटर होते, त्यामुळे एक मिलिमीटरचा फरकही डोळ्याला खटकतो.

कुठलं विमान करायचं

आमच्याकडे बहुतेक जण भारतीय हवाई दलाचं हरिकेन मागतात, आणि त्याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत एक क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे प्रमुख अर्जन सिंग होते आणि ते हरिकेनच उडवत होते. त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळालं ते याच मोहिमेत. ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवर सहा क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने मेहर सिंग यांच्या नेतृत्वाखाली हरिकेनमधूनच जंगलातल्या जपानी हालचालींचे फोटो काढले.

या विमानांचे रंग निवडताना युरोपमधले फोटो समोर ठेवू नका. ब्रह्मदेशच्या आघाडीवर वरून डार्क अर्थ (मातकट तपकिरी) आणि डार्क ग्रीन (गडद हिरवा), खाली मीडियम सी ग्रे (मध्यम करडा) असा मेळ नेहमीचा. हवाई दलाच्या गोलाकार चिन्हातला लाल ठिपका १९४३ पासून तिथे काढून टाकला गेला, कारण जपानी विमानांवर लाल सूर्य असे आणि घाईत आपलाच माणूस आपल्यावर गोळी झाडण्याची भीती होती. उरली ती गडद निळी आणि फिकट निळी छोटी चिन्हं. शेपटीवरच्या पट्ट्यातूनही लाल गेला. डब्यातल्या डेकलमध्ये (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चिन्हांमध्ये) लाल मध्य असेल तर ते पान बाजूला ठेवा आणि आमच्याकडचं वेगळं पान मागून घ्या. नाकाखाली धुळीच्या गाळणीचा फुगीर भाग आला पाहिजे. किटमध्ये साधं आणि गाळणीचं अशी दोन्ही नाकं असतील तर गाळणीचं घ्या. पंख्याच्या पात्यांची पिवळी टोकं मूळ विमानावर चार इंचांची, म्हणजे इथे दीड मिलिमीटरही नाहीत. ती जाड झाली की सगळं विमान खेळण्यातलं वाटू लागतं.

रंग, डेकल आणि आपला पावसाळा

डेकल लावण्याआधी चकचकीत वॉर्निशचा एक थर हवाच, नाहीतर डेकलखाली हवा अडकून ते रुपेरी दिसतं. डेकल भिजवायला बोअरचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांचे डाग राहतात. डिस्टिल्ड पाण्याची छोटी बाटली कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते.

जुलै-ऑगस्टमध्ये थिनरवाला रंग किंवा मॅट वॉर्निश स्प्रे केलं की त्यावर पांढुरकी साय येते. हवेतली वाफ ओल्या थरावर बसते, म्हणून असं होतं. पाऊस सुरू असेल तर त्या दिवशी फवारणी नकोच. पाण्यात मिसळणाऱ्या अॅक्रिलिकला हा त्रास कमी, फक्त वाळायला वेळ द्यावा लागतो.

कॉकपिटची काच फेविक्विकने कधीच चिकटवू नका. त्याच्या वाफेने काच आतून धुरकट होते आणि ते निघत नाही. टूथपिकच्या टोकावर थोडं फेविकॉल घ्या, वाळल्यावर ते पारदर्शक होतं.

जुनं दाखवताना

चुका सगळ्यांत जास्त इथे होतात. रुपेरी ओरखडे रंग उडालेल्या पत्र्यावरच शोभतात. कापडाखाली पत्रा नाहीच, त्यामुळे मागच्या धडावर रुपेरी ठिपके दिले की जाणकार माणूस लगेच थांबतो. ओरखडे द्यायचे ते डाव्या पंखाच्या मुळाशी, कारण वैमानिक आणि मेकॅनिक तिथूनच चढत. डावीकडे पंखामागे एक पायरी असे. ती खाली ओढली की वरचं झाकण उघडून हाताला पकड मिळे. इंजिनाच्या झाकणांच्या स्क्रूंभोवतीही थोडे ओरखडे चालतात.

कापडावर वेगळ्या खुणा द्या. ऊन खाऊन फिकटलेला रंग, तेलाचे मागे ओघळलेले डाग आणि एखादं ताजं ठिगळ. ठिगळासाठी टेपमध्ये तीन मिलिमीटरचा चौकोन कापा आणि तेवढ्याच जागेत मूळ रंगाची न फिकटलेली छटा मारा. गोळी लागली, ठिगळ बसलं आणि विमान परत निघालं, हे त्या एका चौकोनात दिसतं. इंजिनाच्या धुराड्यांचा डाग काळा कुळकुळीत नको. शिसं मिसळलेल्या पेट्रोलचा धूर करडा-तपकिरी बसतो, म्हणून आधी गडद आणि त्यावर मध्यभागी फिकट अशी दोन हलकी फवारणी करा. पॅनलच्या रेषांत टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला गडद तपकिरी तेलरंग सोडा. काळ्या रंगाने या आकाराचं मॉडेल कोरडं आणि रेघारेघांचं दिसतं.

आमच्याकडून

एखादा भाग तुटला, हरवला किंवा काच खराब झाली तर फ्रेमचा क्रमांक आणि भागाचा आकडा लिहून आणा. सुटे भाग आम्ही जपून ठेवतो. मिळाला नाही तर कसा बनवायचा ते टेबलावर दाखवून देऊ. रंग विकत घेण्याआधी दुकानातल्या नमुना पट्टीवर त्याची छटा बघून घ्या, एकाच नावाच्या रंगात कंपनीगणिक फरक असतो. अर्धवट झालेलं मॉडेल घेऊन आलात तरी चालेल. येताना डब्यात त्याच्या पोटाखाली स्पंज ठेवा आणि चाकं शक्यतो घरी पोचल्यावरच चिकटवा.