बॅक आणि फुल-बॅक: स्वार्टेनब्रूक्स नेमका कुठे खेळत असे?

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या बेल्जियमच्या अंतिम सामन्यातील यादीत बॅक (बचावपटू) दोनच आहेत : आर्मां स्वार्टेनब्रूक्स आणि ऑस्कर वेरबीक. आजचा वाचक त्यांना राइट-बॅक व लेफ्ट-बॅक, म्हणजे आजचे फुल-बॅक, समजतो आणि कडेने धावत वर जाऊन क्रॉस देणारे (चेंडू गोलासमोर टाकणारे) खेळाडू डोळ्यांपुढे आणतो. नाव एकच असले, तरी काम निराळे होते.

त्या काळच्या दोन-तीन-पाच रचनेत (मागे दोन बॅक, त्यांच्यापुढे तीन हाफ, सर्वांत पुढे पाच आक्रमक) दोन्ही बॅक गोलासमोर, मैदानाच्या मध्याकडे उभे राहत आणि विंगरला, म्हणजे कडेच्या आक्रमकाला, अडवण्याची जबाबदारी बहुधा बाजूच्या हाफवर असे. म्हणजे ब्रुसेल्सच्या डेअरिंग क्लबचा स्वार्टेनब्रूक्स (पेशाने डॉक्टर, आणि पुढे कूकेलबर्गचा महापौर) आजच्या सेंटर-बॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, अधिक जवळचा ठरतो.

या बॅकचे खरे कसब आक्रमकाला ऑफसाइडमध्ये, म्हणजे नियमबाह्य जागी, पकडण्यात होते. १९२५ पर्यंत पास दिला जाताना आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असावे लागत. त्यामुळे एक बॅक चार पावले पुढे सरकला, की आक्रमकासमोर गोलरक्षक आणि दुसरा बॅक असे दोघेच उरत आणि आक्रमक ऑफसाइड ठरे. शिवाय अंदाज चुकलाच, तर सावरायला तो दुसरा बॅक मागे होताच. हा डाव इतका स्वस्त होता, की इंग्लंडमध्ये खेळ मैदानाच्या मधल्या पट्ट्यातच अडकू लागला. १९२५ मध्ये तिनाचे दोन झाले. आता एकट्याने पुढे सरकून भागेना, दोघांनाही सरकावे लागे, आणि फसले तर मागे उरे एकटा गोलरक्षक. स्वार्टेनब्रूक्सची आंतरराष्ट्रीय कारकीर्द १९१३ ते १९२८ अशी असल्याने तिचा बहुतांश भाग जुन्या नियमात आणि अखेरची वर्षे नव्या नियमात गेली.

नव्या नियमावर तोडगा म्हणून प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमनच्या आर्सेनल या इंग्लिश क्लबने सेंटर-हाफला (तीन हाफपैकी मधल्याला) दोन बॅकच्या मध्ये मागे घेतले. बॅक विंगरवर नजर ठेवण्यासाठी कडेला गेले आणि ‘फुल-बॅक’ हे नावही त्यांच्याबरोबर तिकडे गेले. हीच गफलत उलट दिशेनेही होते. अँटवर्पच्या त्याच यादीत सेंटर-हाफ म्हणून एमिल हान्स आहे, आणि इंग्रज समालोचक आजही मधल्या बचावपटूला सेंटर-हाफ म्हणतात. हान्स मात्र बचावफळीत नव्हे, तिच्या पुढे, मैदानाच्या मधोमध खेळत होता.