बडोद्याच्या जुन्या भिंती आणि चुनखडीची गोष्ट

रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी या भागांत एखाद्या जुन्या वाड्याची डागडुजी निघाली की काम बहुधा एकाच पद्धतीने होते. पोपडे धरलेला गिलावा खरवडून काढायचा, त्यावर सिमेंट मारायचे, वरून पुट्टी आणि प्लास्टिक पेंट. काही पावसाळे गेले की त्याच भिंतीला खार फुटतो, सिमेंटचा पापुद्रा हाताने निघतो आणि सोबत विटेचा तुकडाही घेऊन येतो. मग सगळे म्हणतात, वीटच जुनी, काय करणार! मला हे पटत नाही. ती वीट शे-दीडशे वर्षे ज्याच्या आधाराने टिकली, त्या चुन्याचा स्वभाव न ओळखता दुरुस्ती झालेली असते. चुन्याची गोष्ट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची गोष्ट, आणि आपल्या गुजरातेत तिची सुरुवात फार मागे जाते.

बडोद्याच्या उत्तरेला बालासिनोर आणि जवळचे रैयोली गाव आहे. तिथल्या चुनखडीच्या थरांत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून डायनासोरांची अंडी आणि हाडे सापडत गेली. हे खडक साधारण ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचे. अंड्यांची कवचेही त्याच द्रव्याची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या कॅल्साइट या स्फटिकरूपाची. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना धोळी डुंगरीजवळ मिळालेल्या एका खडकात अंडी होती आणि काही हाडे होती. ती हाडे डायनासोरच्या पिल्लाची असावीत असा आधी समज झाला. पुढे २००१ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ जेफ्री विल्सन यांनी तो खडक पाहिला, तेव्हा त्यातले काही मणके सापाचे आहेत हे त्यांच्या लक्षात आले. २०१० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले: सानाजेह इंडिकस, सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला, शेजारी नुकतेच बाहेर आलेले पिल्लू. घरट्यावर गाळ येऊन पडला आणि तो क्षण आहे तसा दगडात राहिला. हे वाचले तेव्हापासून चुनखडीकडे नुसता बांधकामाचा माल म्हणून बघणे मला जमलेले नाही.

कोंबडीच्या अंड्याचे कवचही सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेटच. त्यावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून आतल्या जिवाला हवा मिळते. पिल्लाची हाडे घडायला लागतात तेव्हा लागणारे बहुतेक कॅल्शियम या कवचातूनच उचलले जाते. शिंपले, गोगलगायींचे शंख, प्रवाळ, मोती, सगळीकडे हेच द्रव्य. पृथ्वीवरची पुष्कळशी चुनखडी अशाच जिवांच्या अवशेषांतून साचलेली आहे. बोअरचे पाणी उकळल्यावर पातेल्याच्या तळाला धरणारा पांढरा थरही तोच. पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट तापल्यावर कार्बोनेट होऊन खाली बसते.

आता भट्टीकडे येऊ. चुनखडी सुमारे ९०० अंशांपर्यंत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू उडतो आणि ५६ किलो कळीचा चुना हाती राहतो. वजन जवळजवळ अर्ध्यावर येते, पण ढेकळाचा आकार मात्र फारसा बदलत नाही. हे ढेकूळ पाण्यात टाकले की क्षणभर काहीच होत नाही. मग ते चरचरते, तडकते, वाफ येते, पाणी आपोआप उकळायला लागते आणि ढेकूळ फुलून त्याची लोण्यासारखी मऊ लगदी होते. जुने गवंडी हा विरवलेला चुना पाण्याखाली महिनोन्‌महिने मुरू देत. मग चुना मळायच्या घाणीला बैल जुंपून वाळू किंवा सुरखी, म्हणजे विटेची पूड, त्याच्याबरोबर मळली जाई. कुठे गूळ, कुठे मेथी, कुठे बेलफळाचे पाणी, ज्याची त्याची रीत.

भिंतीवर चढल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढून घेतो आणि हळूहळू परत कॅल्शियम कार्बोनेट होतो. भट्टीत जे गमावले ते भिंतीवर परत मिळवतो. ही क्रिया बाहेरून आत सरकते आणि जाड भिंतीच्या पोटात वर्षानुवर्षे चालू राहते. जुन्या गिलाव्याचा पडलेला तुकडा घ्या आणि त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतात. कदाचित दीडशे वर्षांपूर्वी रावपुऱ्याच्या हवेतून आत गेलेला वायू बाहेर पडतो आहे.

चुना भाजताना नेमके काय होते, हे कोडे सुटले ते मात्र औषधाच्या शोधात. अठराव्या शतकात मूतखड्याने लोक हैराण होते. ब्रिटिश पार्लमेंटने १७३९ मध्ये जोआना स्टीफन्स या बाईंना त्यांच्या गुप्त औषधासाठी ५००० पौंड मंजूर केले. कृती उघड झाली तेव्हा त्यात भाजलेली अंड्याची कवचे, गोगलगायी आणि साबण निघाले. एडिंबरात चुन्याची निवळी मूतखड्यावर चालते का, यावर प्राध्यापकांमध्ये वाद पेटला होता. तिथेच शिकणारा जोसेफ ब्लॅक याने १७५४ च्या प्रबंधात आणि १७५६ च्या लेखात तराजू हाती घेतला. भाजल्यावर चुना दाहक होतो तो त्यात अग्नी शिरतो म्हणून, असे तोवर मानले जाई. ब्लॅकने दाखवले की आत काही शिरत नाही, उलट एक वायू बाहेर जातो. आपण श्वासातून सोडतो तोही हाच वायू, हे त्यानेच निवळीच्या आधारे ओळखले. शाळेत निवळीत फुंकर मारून ती दुधाळ करण्याचा प्रयोग आपण सगळ्यांनी केला, त्याचे मूळ इथे आहे. कॅल्शियम हा धातू वेगळा काढला हम्फ्री डेव्हीने, १८०८ मध्ये.

औषधाशी असलेले नाते पुढेही टिकले. आज आजीच्या डबीतली कॅल्शियमची गोळी बहुधा कार्बोनेटचीच असते. १२५० मिलिग्रॅममध्ये ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. ती जेवणाबरोबर घ्यायची, कारण ती विरघळायला जठरातले आम्ल लागते. ॲसिडिटी कमी करणाऱ्या गोळ्या रोज चालू असतील तर डॉक्टरांना तसे सांगावे. थायरॉइडची गोळी आणि ही, दोन्हींत चार तासांचे अंतर हवे. पण फोनवर फिरणाऱ्या ‘रोज गव्हाएवढा चुना खा’ या सल्ल्याच्या नादी कोणी लागू नये. पानाचा चुना कार्बोनेट नसतो, तो दाहक हायड्रॉक्साइड असतो. तंबाखूबरोबर तर तो तोंडाच्या आतल्या त्वचेची वाट लावतो.

परत भिंतींकडे. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर (१८४९ ते १८५४) यांचा रावपुऱ्यातला चार मजली वाडा भित्तिचित्रांसाठी ओळखला जातो. त्या काळच्या बांधकामाला चुन्याशिवाय पर्याय नव्हता. इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्येच घेतले होते, पण गुजरातेत, पोरबंदरला, सिमेंट तयार होऊ लागले ते १९१४ मध्ये. सिमेंटही चुनखडी भाजूनच होते. फरक असा की मातीबरोबर भाजल्याने ते पाण्याशी संयोग पावून झटपट कडक होते. नव्या इमारतींना त्याने मोठे बळ दिले यात शंका नाही.

जुन्या वाड्यांचे तसे नाही. त्यांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतले पाणी भिंतीत चढतेच. चुन्याच्या गिलाव्यातून ते वाफ होऊन निघून जाते. घट्ट सिमेंट आणि प्लास्टिक पेंट मारला की वाट बंद होते, क्षार आतच स्फटिक धरतात आणि मऊ, जुन्या विटेचा भुगा करतात. चुन्याचा गिलावा क्षार स्वतःवर घेतो आणि आधी स्वतः झडतो, वीट वाचते. गिलावा पुन्हा करता येतो, ती वीट पुन्हा मिळत नाही.

म्हणून दुरुस्ती काढणाऱ्यांनी आधी मूळच्या जुन्या गिलाव्यावर लिंबाची परीक्षा करावी. बुडबुडे आले तर चुन्याचे काम येणारा गवंडी शोधावा आणि एका कोपऱ्यात नमुना करून घ्यावा. घाई करू नये. थर पातळ हवेत, एक धरल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. उन्हात एकदम सुकू द्यायचे नाही, कारण कोरड्या चुन्यात कार्बन डायऑक्साइड मुरत नाही, त्याला ओलावा लागतो. काम दिवाळीनंतर, थंडीत काढावे. मे महिन्यात काढलेच तर ओले गोणपाट टांगून ठेवावे लागतात.