गूळ घातला म्हणून चहा बिनसाखरेचा होत नाही

‘साखर विष, गूळ अमृत. गुळाने वजन वाढत नाही, मधुमेहींनाही चालतो.’ हा निरोप घरोघरच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही, कारण गूळ दिसायला कमी ‘कारखानी’.

दोन्ही उसाच्याच रसाचे. रस आटवला की गूळ. शुद्ध करून स्फटिक वेगळे काढले की साखर. गुळात थोडा ओलावा आणि खनिजं उरतात, पण बहुतेक भाग साखरच. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, गुळात साधारण ३८०. लोह असतं, हे खरं. पण चहापुरत्या खड्यातून कितीसं मिळणार? त्यासाठी अळीव, मटकी, पालेभाज्या बऱ्या.

पडताळायचं असेल तर गुळाच्या पाकिटामागचा तक्ता वाचा. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर नेहमीचा चमचा आणि नेहमीचा खडा तोला. आमच्याकडे साखरेचा चमचा ५ ग्रॅम भरला, गुळाचा खडा १२! ‘चांगलाच असतो’ म्हणून हात सैल सुटतो, घोळ तिथेच.

मधुमेह असेल तर गूळही साखरेच्याच हिशेबात धरा. बाकी पुरणपोळीत गूळच हवा, पण तो चवीसाठी.