औद्योगिक अर्थशास्त्राचा पेपर आणि कापसाचा एकाधिकार : पार्श्वभूमी

विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांत औद्योगिक अर्थशास्त्र शिकवताना वर्षानुवर्षं भर राहिला तो उद्योगांचं स्थान, औद्योगिक धोरण आणि आजारी कारखान्यांवर. याच विषयातली बाजाराची रचना आणि विक्रेत्यांचं वर्तन यांची मांडणी अमेरिकेत १९५० च्या दशकापर्यंत पक्की झाली होती. १९७० नंतर तिच्यात गेम थिअरी, म्हणजे एकमेकांच्या चाली लक्षात घेऊन केलेल्या निर्णयांचा अभ्यास, शिरली. आपल्याकडे उदाहरणं मात्र पोलाद आणि मोटारींचीच.

खरं तर कापसाचा पहिला नियंत्रित बाजार १८८६ मध्ये कारंज्यालाच सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी बाजाराचा कायदाही आला. पण वर्गात वाद पेटतो तो एकाधिकार खरेदीवरून, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच विकत घ्यायचा या योजनेवरून.

महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा आणि १९७२ पासून खरेदी. कास्तकाराने कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा, व्यापाऱ्याला विकला तर गुन्हा. आधी हमीभाव, पुढे नफा झाला तर बोनस. परीक्षेत विद्यार्थी याला ‘एकच खरेदीदार’ म्हणून आलेख काढतात : भाव खाली, खरेदी कमी. हा आलेख इथे बसत नाही. पुस्तकातला खरेदीदार नफ्यासाठी भाव पाडतो. इथे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकार बाहेरच्या बाजारापेक्षा चढा भाव देत होतं आणि तोटा तिजोरीवर पडत होता. शिवाय एकाधिकार राज्याच्या सीमेपुरताच. बाहेर भाव चढला की पांढरकवड्याकडून आदिलाबादकडे माल निघायचा. इथला भाव चढा असला की तिकडचा कापूस इकडच्या काट्यावर यायचा. म्हणजे बाजाराची हद्द कुठवर धरायची, हा या विषयातला कळीचा प्रश्न गाड्याच सोडवत होत्या.

योजनेचे दोष खरेच होते : कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरची मर्जी, केंद्रावर बंड्यांची रांग, महिनोन्महिने अडकलेले चुकारे, म्हणजे विक्रीचे पैसे. अडलेला माणूस मग खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, कमी भावाने माल काढायचा. तरी २००२ मध्ये खाजगी खरेदी खुली झाल्यावर स्पर्धा आपोआप आली, असं जे शिकवलं जातं ते घाईचं आहे. गावात येणारे खरेदीदार दोन-तीनच असतील, तर त्याला स्पर्धा कशी म्हणायची?

त्याच वर्षी बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला रोखणारं जनुक घातलेल्या कापसाला, मंजुरी मिळाली आणि प्रश्न बियाण्याकडे सरकला. कृषी केंद्रात पाकिटं ढीगभर नावांची, जनुक मात्र बहुतेकांत एकाच कंपनीच्या परवान्याचं. ४५० ग्रॅमचं पाकीट १६०० रुपयांच्या आसपास होतं. २००६ मध्ये आंध्र सरकार १९६९ च्या मक्तेदारी कायद्याखाली दिल्लीच्या आयोगाकडे गेलं, त्यानंतर भाव ७५० वर आला. तो कायदा २००९ मध्ये रद्द झाला आणि २००२ च्या स्पर्धा कायद्याने त्याची जागा घेतली. बियाण्यातल्या मक्तेदारीच्या तक्रारीची चौकशी २०१६ मध्ये या नव्या कायद्याखालीही सुरू झाली. त्याआधीच, डिसेंबर २०१५ मध्ये, केंद्राने किंमत नियंत्रणाचा आदेश काढला होता. त्याखाली जनुकासाठी त्या कंपनीला द्यायची तंत्रज्ञानाची फी घटत घटत २०२० मध्ये शून्यावर आली.