मोड आलेले हरभरे : पोषण आणि रोजच्या स्वयंपाकातला वापर

हरभरा (शास्त्रीय नाव सायसर ॲरिएटिनम) रात्रभर भिजवला, पाणी काढून टाकलं आणि दमट, जरा उबदार जागी एक-दोन दिवस झाकून ठेवला की दाण्याच्या चोचीकडून पांढरं टोक बाहेर येतं, तेच मोड. यात कसलीही कला नाही, पण या एवढ्याशा टोकाभोवती दावे मात्र भरपूर जमलेत: प्रोटीन दुप्पट होतं, कच्चेच खायचे नाहीतर सगळं सत्त्व जातं, रोज मूठभर खाल्ले की बाकी काही बघायला नको वगैरे. यातलं बरंचसं अर्धवट आहे. मोड आणल्याने हरभऱ्यात नवीन प्रोटीन येत नाही, तो पचायला हलका होतो, लवकर शिजतो आणि मुळात जवळपास नसलेलं क जीवनसत्त्व थोडंफार तयार होतं, खरा फायदा हा.

कुठला हरभरा घ्यायचा

हरभऱ्याचे ढोबळ दोन प्रकार. देशी म्हणजे लहान, तपकिरी, सुरकुतलेल्या जाड सालीचा, आणि काबुली म्हणजे मोठा, पांढरट, पातळ सालीचा. मोड दोघांनाही येतात. देशीची साल जाड म्हणून त्यात फायबर आणि टॅनिन (सालीतले तुरट पदार्थ) जास्त, तो दाताखाली कडक लागतो आणि मोडासाठी जास्त भरवशाचा. काबुली पटकन फुगतो पण पाण्यात जास्त वेळ राहिला तर साल सुटते आणि दाणा मऊ पडून आंबायला लागतो, त्यामुळे त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

हरभऱ्याच्या डाळीला नीट मोड येत नाहीत, कारण मोड ज्या अंकुरातून येतो तो दोन दलांच्या मधे चोचीपाशी असतो आणि दाणा भरडताना तो तुटतो किंवा गळून जातो. भाजलेल्या चण्यांना तर नाहीच, तिथे जीवच उरलेला नसतो. फार जुना, दोन-तीन वर्षं पडून राहिलेला हरभरा भिजतो छान, पण निम्मे दाणे नुसतेच फुगून बसतात, आणि हे न उगवलेले दाणेच पुढे वास मारतात.

आत नेमकं काय होतं

कोरडा दाणा म्हणजे झोपलेलं रोप आणि त्याची शिदोरी. पाणी शोषलं (साधारण स्वतःच्या वजनाएवढं) की अंकुर जागा होतो, जिबरेलिनसारखी संप्रेरकं सुटतात आणि एन्झाइम कामाला लागतात, अमायलेज स्टार्च तोडतं, प्रोटिएज प्रोटीनचे तुकडे करतं, फायटेज फायटिक ॲसिड फोडून त्यात अडकलेलं फॉस्फरस मोकळं करतं. हे सगळं रोपाच्या सोयीसाठी चाललेलं असतं, आपण फक्त मधेच डल्ला मारतो.

हरभऱ्याची दलं उगवताना सालीच्या आतच, जमिनीखाली राहतात, मुगासारखी वर उचलली जात नाहीत. म्हणून मुगाचे मोड लांबलचक आणि पाणीदार होऊ शकतात तसे हरभऱ्याचे होत नाहीत, इथे खायचा तो दाणाच, मोड हा त्याचा तुरा. अर्धा ते एक सेंटिमीटर मोड म्हणजे भरपूर झाला. त्याहून लांब गेला की मूळ चिवट होतं, चवीला किंचित कडवट लागतं आणि दाण्यातला गोडवा कमी होतो.

पोषणाचे आकडे आणि त्यातली गंमत

100 ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात साधारण 20 ग्रॅम प्रोटीन, 6 ग्रॅम फॅट, 60 ग्रॅमच्या वर कार्बोहायड्रेट (त्यातच 12 ग्रॅमच्या आसपास फायबर), 4 मिलिग्रॅमहून थोडं जास्त लोह, 500 मायक्रोग्रॅमहून जास्त फोलेट आणि 370-380 कॅलरी असतात. जातीप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे आकडे वरखाली होतात पण चित्र हेच.

आता हेच 100 ग्रॅम भिजवून मोड आणले की वजन दुपटीच्या आसपास जातं, वाढलेलं सगळं पाणी. म्हणजे मोड आलेल्या हरभऱ्याची 100 ग्रॅमची वाटी घेतली तर त्यात प्रोटीन 9-10 ग्रॅमच्या घरात, कोरड्याच्या निम्मं. मग "प्रोटीन वाढतं" हे आलं कुठून? तर उगवताना दाणा श्वास घेतो, त्यात स्टार्च खर्च होतो, आणि पाणी वगळून हिशोब केला की उरलेल्या कोरड्या भागात प्रोटीनचा टक्का जरासा वर गेलेला दिसतो. प्रोटीन तेवढंच, भोवतीचा स्टार्च कमी झाला. व्यायाम करणाऱ्या मंडळींनी हा हिशोब एकदा नीट करावा, कारण मूठभर मोडांवर दिवसाचं प्रोटीन भागत नाही.

प्रोटीनचा दर्जा मात्र चांगला आहे. प्रोटीन ज्या अमिनो ॲसिडांचं बनतं त्यांतलं लायसिन भरपूर, मिथिओनिन आणि सिस्टीन कमी, आणि धान्यांमधे बरोबर उलटं, म्हणून भात किंवा भाकरी-पोळीबरोबर हरभरा खाल्ला की एकमेकांची उणीव भरून निघते. दोन्ही एकाच घासात पाहिजेत असं काही नाही, दिवसभरात आले तरी चालतं. मोड आणून ही उणीव विशेष भरत नाही. बी-12 तर कोरड्यातही नाही आणि मोडातही नाही, ते दुसरीकडूनच मिळवावं लागतं.

क जीवनसत्त्वाचं बघा. कोरड्या हरभऱ्यात ते नगण्य असतं, उगवताना अंकुर ते नव्याने तयार करतो, त्यामुळे "अनेक पटींनी वाढतं" हे वाक्य खोटं नाही, पण मुळात जवळजवळ शून्य असलं की पटींना फारसा अर्थ राहत नाही. शिजवताना त्यातलं बरंच जातंही. वरून लिंबू पिळलं तर मोडांनी दिलं नसतं तेवढं क जीवनसत्त्व सहज मिळतं, आणि शिवाय त्यानेच हरभऱ्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, कारण वनस्पतीतलं लोह एकटं असताना शरीर फार थोडं घेतं.

लोह आणि झिंक यांच्या आड येणारी मुख्य गोष्ट म्हणजे फायटिक ॲसिड. ते मोड येताना फायटेजमुळे कमी होतं, आणि जितका वेळ मोड येऊ द्याल तितकं जास्त कमी होतं, पूर्ण जात मात्र नाही. टॅनिनपैकी थोडं भिजवलेल्या पाण्यात उतरतं, म्हणून ते पिवळट-तपकिरी पाणी टाकून द्यायचं हेच बरं. त्याच पाण्यातून थोडी पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वंही जातात हे खरं, पण त्या बदल्यात पोट शांत राहतं.

कारण गॅस. हरभऱ्यात रॅफिनोज, स्टॅकिओज आणि सिसेरिटॉल या जातीच्या शर्करा असतात, त्या तोडायचं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतं, मग त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जंतू त्यांच्यावर ताव मारून गॅस सोडतात. या शर्करांचा काही भाग भिजवणीच्या पाण्यात जातो आणि काही उगवणारा अंकुर स्वतःच वापरतो, त्यामुळे मोडांचा हरभरा नुसत्या भिजवलेल्यापेक्षा पोटाला सोसतो. सोसतो म्हणजे अजिबात त्रास नाही असं नाही, ज्यांना आतड्याचा त्रास आहे त्यांनी अगदी थोड्यापासून सुरुवात करावी.

ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते त्याचं माप) हरभऱ्याचा मुळातच कमी. फायबर, प्रोटीन आणि हळू पचणारा स्टार्च यामुळे साखर एकदम चढत नाही, मधुमेह असणाऱ्यांना हरभरा चालतो तो या कारणाने, मोडांमुळे नाही.

मोड आणताना

आठ ते बारा तास भिजवणं पुरे, पाणी दाण्याच्या तिप्पट तरी ठेवा कारण दाणा फुगून वर येतो. नंतर पाणी पूर्ण निथळून चाळणीत किंवा ओल्या सुती फडक्यात बांधून ठेवायचं, दिवसातून दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि परत निथळायचं. बहुतेकांचं बिघडतं ते इथे, धुणं लक्षात राहतं आणि निथळणं राहून जातं. तळाशी पाणी साचलं की खालच्या दाण्यांना हवा मिळत नाही, ते गुदमरतात, बुळबुळीत होतात आणि पोटलीतून आंबूस वास यायला लागतो. उन्हाळ्यात 24 तासांत मोड दिसतात, थंडीत दोन दिवस किंवा जास्त लागतात, तेव्हा बंद ओव्हनमधे किंवा जाड कपड्यात गुंडाळून ठेवलं तर काम लवकर होतं.

भिजवून झाल्यावर हरभरे बोटांनी चाळले तर हाताला काही दाणे खड्यासारखे टणक लागतात, आकाराने लहानच राहिलेले, रंग गडद. हे गणंग. यांच्या सालीतून पाणी आत शिरलेलंच नसतं, त्यांना ना मोड येतो ना ते शिजतात आणि जेवताना दाताखाली नेमके तेच येतात. तेव्हाच निवडून टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

कच्चे की शिजवलेले

मोड येण्यासाठी जे लागतं, म्हणजे ऊब, ओल आणि वेळ, तेच जंतूंनाही लागतं. बियाण्यावर शेतातूनच साल्मोनेला किंवा ई. कोलाय आले असतील तर मोड येता येता ते प्रचंड वाढतात आणि वरवर धुवून जात नाहीत, दाणे दिसायला वासाला एकदम ठीक असतात. 2011 साली जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, हजारो लोक आजारी पडले, 50 हून जास्त दगावले, आणि तपासाचा माग मेथीच्या मोडांपर्यंत गेला. 1996 मधे जपानच्या साकाई शहरात हजारो शाळकरी मुलं आजारी पडली तेव्हा संशय मुळ्याच्या मोडांवर होता. हरभऱ्याचं नाव यात नाही, पण पद्धत तीच असल्याने धोकाही त्याच जातीचा. म्हणून गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी मोड कच्चे खाऊ नयेत असं अन्नसुरक्षेचे सल्ले सांगतात, बाकीच्यांनी आपापलं ठरवावं.

पचनाच्या बाजूनेही शिजवणंच बरं. कच्च्या हरभऱ्यात ट्रिप्सिन इनहिबिटर असतात, ते प्रोटीन पचवणाऱ्या एन्झाइमलाच अडवतात, मोडांनी ते थोडे कमी होतात आणि उष्णतेने बहुतांश निकामी होतात. म्हणजे कच्चं खाऊन थोडं क जीवनसत्त्व वाचवायचं आणि प्रोटीन मात्र नीट पचवायचं नाही, हा व्यवहार काही फायद्याचा नाही. मधला मार्ग वाफवण्याचा: आठ-दहा मिनिटं वाफ दिली की दाणा शिजतो पण कुरकुरीतपणा थोडा राहतो, सॅलड किंवा कोशिंबिरीला असेच घ्यावेत.

स्वयंपाकात

मोड आलेला हरभरा नुसत्या भिजवलेल्यापेक्षा लवकर शिजतो, कुकरला एक-दोन शिट्ट्या बऱ्याचदा पुरतात. जास्त झाल्या तर मोड गळून पडतात, साली सुटतात आणि उसळ करायची तर तिचा लगदा होतो. शिजायला वेळ लागत असेल तर दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो, जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्याच्या पेक्टिनला (पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाला) घट्ट धरून ठेवतं. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की दाणा मऊ होतो, पण सोड्याने बी-1 जीवनसत्त्व नष्ट होतं आणि चवही साबणासारखी होऊ शकते, तेव्हा हा शेवटचा उपाय. चिंच, टोमॅटो, लिंबू, आमसूल असलं आंबट काहीही दाणा मऊ झाल्यावरच घाला, आधी घातलं तर तो आडमुठेपणा करतो. मिठाबद्दल उगाच भीती आहे, मिठाने दाणा कडक राहत नाही, उलट भिजवतानाच थोडं मीठ घातलं तर साल मऊ पडते. फक्त मोड आणायचे असतील तर भिजवणीत मीठ नको, उगवण मंदावते.

फोडणीत परतून कोरडे, रस्सा करून, भातात घालून, सूपमधे, वाटून कटलेट किंवा धिरड्यात, असे सगळीकडे जातात. वाटून हम्मससारखी चटणीही होते, पण ती आधी चांगले मऊ शिजवूनच, नाहीतर कच्चट हिरवा वास राहतो आणि साल दाताला लागते. चवीला मोडांचा हरभरा साध्यापेक्षा किंचित गोडसर असतो कारण स्टार्चचा काही भाग साखरेत उतरलेला असतो, त्यामुळे मसाला कमी घातला तरी भागतं, उगाच भडिमार करून ती चव मारू नये असं माझं मत.

फ्रीजमधे निथळून, कोरड्या डब्यात ठेवले तर तीन-चार दिवस टिकतात, मोड तिथेही अगदी हळू वाढत राहतात. डबा उघडल्यावर आंबट वास, चिकट तार किंवा काळपट टोकं दिसली की टाकून द्या, शिजवून वाचवायच्या भानगडीत पडू नका. जास्त दिवस हवे असतील तर उकळत्या पाण्यातून एक-दोन मिनिटं काढून, गार करून फ्रीजर. किंवा मोड आणून कडकडीत वाळवायचे, मंद भाजायचे आणि दळायचे. या पिठाची पेज साध्या पिठाएवढी घट्ट होत नाही, कारण स्टार्च आधीच थोडा तुटलेला असतो, म्हणून तेवढ्याच पातळपणात जास्त पीठ मावतं आणि लहान मुलांच्या किंवा आजाऱ्याच्या वाटीत जास्त कॅलरी जातात. ज्यांना किडनीच्या आजारामुळे पोटॅशियम मोजून खायला सांगितलंय त्यांनी मात्र पीठ काय आणि उसळ काय, किती खायचं ते डॉक्टरांना विचारूनच.