साधकावस्था (सातारा-सांगलीकडील परंपरा)

साधकावस्था : परमार्थाच्या वाटेवर निघालेल्या माणसाची मधली अवस्था. संसारातली चूक त्याला कळलेली असते, गुरू आणि संतसंग मिळालेला असतो, पण मनातल्या शंका फिटलेल्या नसतात. या अवस्थेत काय करायचे आणि काय सोडायचे, याची सर्वांत व्यवहारी मराठी मांडणी समर्थ रामदासांच्या (शके १५३०–१६०३) दासबोधात सापडते. रामदास टाकळीचे बारा वर्षांचे तप आणि तेवढेच तीर्थाटन आटोपून शके १५६६ (इ. स. १६४४) च्या सुमारास कृष्णाकाठी आले आणि पुढचे बहुतेक आयुष्य आजच्या सातारा जिल्ह्याच्या परिसरात राहिले. चाफळ, सज्जनगड, मिरज, निगडी, वडगाव, ब्रह्मनाळ ही या परंपरेची ठाणी सातारा व सांगली या दोनच जिल्ह्यांत येतात. पुढे गोंदवले आणि उमदी येथे वेगळ्या गुरुपरंपरांतून हाच विचार नव्याने मांडला गेला. प्रस्तुत नोंदीत या टापूपुरताच विचार केला आहे.

चार अवस्था

दासबोधाच्या पाचव्या दशकातील शेवटचे चार समास बद्ध, मुमुक्षु, साधक आणि सिद्ध यांच्या लक्षणांचे आहेत. बद्ध हा अंधारातला आंधळा: दहाही दिशा त्याला सारख्याच रित्या. प्रपंचाच्या तापांनी पोळला आणि निरूपण कानावर पडले की त्याला आपल्या वागण्याची लाज वाटू लागते. मग तो स्वतःच्या दोषांचा पाढा वाचतो, देव मानला नाही, परोपकार केला नाही, जन्म वाया घालवला असे म्हणतो. हा अनुताप म्हणजे मुमुक्षूची खूण. अवगुण टाकून त्याने संतसंग धरला की तो साधक.

नववा समास, म्हणजे साधकलक्षण, वाचताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते. सुरुवातीला भाषा श्रवण-मननाची, संदेह फेडण्याची, शांतपणे चाललेली आहे. उत्तरार्धात तीच भाषा एकदम रणांगणावर उतरते. विवेक मातला की निश्चय बळावतो आणि वैराग्याच्या बळावर अवगुणांचा संहार सुरू होतो. द्वेष देशधडीला लागतो, अभावाची, म्हणजे अश्रद्धेची, नरडी धरली जाते, अधर्माला स्वधर्म लुटतो. सतराव्या शतकात स्वाऱ्या, लूट आणि देशोधडी हा या खोऱ्याचा रोजचा अनुभव होता. श्रोत्यांना जे डोळ्यांसमोर दिसत होते त्याच शब्दांत रामदासांनी आतली लढाई सांगितली. साधक म्हटले की डोळे मिटून बसलेला एक मवाळ माणूस आपल्यासमोर येतो. या समासातला साधक तसा नाही.

साधक आणि सिद्ध यांच्यातला फरक मात्र फार थोडक्यात सांगितला आहे. साधकाला संदेह असतो, सिद्धाला नसतो. चमत्कार, सिद्धी, दृष्टांत यांना या व्याख्येत जागा नाही. ग्रंथ पुन्हापुन्हा कसोटी लावतो ती प्रचीतीची: ऐकलेले स्वतःच्या अनुभवाला पटले का? नुसते पाठ असून वागण्यात न उतरणाऱ्यासाठी दुसऱ्या दशकाचा अखेरचा समास राखून ठेवला आहे. त्याला पढतमूर्ख म्हटले आहे, आणि ते वर्णन साधकाने बद्धलक्षणापेक्षाही जास्त लक्ष देऊन वाचावे असे आहे, कारण ही घसरण साधनेच्याच वाटेवर होते.

त्याग: कोणी, कशाचा

पाचव्या दशकातील दहाव्या समासाच्या तोंडाशीच एक आक्षेप घेतलेला आहे. त्यागावाचून साधक होत नाही असे म्हणता, मग संसारिकाचे काय? घरदार, शेतीवाडी, मुलेबाळे असलेल्याने साधक व्हायचेच नाही का? त्यावर रामदासांचे उत्तर असे, की सन्मार्ग जिवाशी धरणे आणि आडमार्ग टाकणे हाच संसारिकाचा त्याग. कुबुद्धी सुटल्याशिवाय सुबुद्धी लागत नाही. अभावाचा, संशयाचा, अज्ञानाचा त्याग हळूहळू घडतो, आणि हा सूक्ष्म अंतर्त्याग प्रापंचिक व निःस्पृह दोघांनाही सारखाच करावा लागतो. निःस्पृहाकडे बाह्य त्याग विशेष असतो, एवढाच काय तो भेद.

त्यापुढचा मुद्दा अधिक मार्मिक आहे. संसारिकालाही थोडाफार बाह्य त्याग घडतोच, कारण त्यागाशिवाय नित्यनेम आणि श्रवणही होत नाही. कीर्तनाला बसायचे तर तेवढा वेळ दुकान, शेत, गप्पा सोडाव्याच लागतात. त्यागाची इतकी लहान आणि तरीही प्रामाणिक मोजणी दुसरीकडे क्वचितच आढळते. बाराव्या दशकाच्या आरंभी 'आधी प्रपंच करावा नेटका' असे जे म्हटले आहे ते याच विचाराचे पुढचे पाऊल. लोक मात्र तेवढाच चरण उचलतात आणि परमार्थविवेकाचा पुढचा चरण सोयीने विसरतात.

त्याग आतला असतो याचे उदाहरण समर्थांच्या समकालीनांतच होते. परंपरेत 'रामदास पंचायतन' म्हणून पाच जणांची नावे घेतात: रामदास, वडगावचे जयरामस्वामी, निगडीचे रंगनाथस्वामी, ब्रह्मनाळचे आनंदमूर्ती आणि भागानगरचे (हैदराबादचे) केशवस्वामी. शेवटचे सोडले तर बाकी सारे कृष्णा-येरळेच्या टापूतले. त्यांपैकी रंगनाथस्वामी घोड्यावरून फिरत, थाटामाटात राहत आणि राजयोगी म्हणून ओळखले जात. भगवी छाटी आणि झोळी वागवणाऱ्या रामदासांच्या शेजारी हे नाव बिनतक्रार बसते, यातच परंपरेने त्यागाचा अर्थ कसा लावला ते कळते.

प्रेम आणि आत्मनिवेदन

ज्ञानाची बाजू श्रवण-मननाने सांभाळली, तर प्रेमाची बाजू उपासनेने. करुणाष्टकांत रामाला घातलेली साद व्याकूळ आहे. दासबोधातले ठाम, कधी कधी रागीट रामदास तिथे दिसत नाहीत. चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे नऊ समास आहेत. श्रवणापासून निघून वाट आत्मनिवेदनापाशी पोचते. देवाला स्वतःला अर्पण करायचे तर आधी 'मी कोण' हे पाहावे लागते, आणि विवेकाने पाहू गेले की अर्पण करायला वेगळा मी उरतच नाही. भक्त म्हणवून घ्यायचे आणि देवापासून वेगळे राहून भजायचे, हे रामदासांना विलक्षण वाटते. प्रेम, ज्ञान आणि सोडणे हे तीन मार्ग आहेत असे शिकवण्याची रीत आहे. या समासात मात्र ते तिन्ही एकाच कृतीत येऊन मिळतात.

भिक्षा आणि एकांत

साधकाच्या दिनचर्येत दोन विरुद्ध गोष्टी एकत्र नांदतात. एकीकडे घळीतला एकांत. चाफळच्या परिसरातली रामघळ, हेळवाकची घळ, तोंडोशीची घळ ही सह्याद्रीच्या कुशीतली ठिकाणे समर्थांच्या एकांताशी जोडली जातात. दुसरीकडे दारोदार भिक्षा. दासबोधात भिक्षेवर स्वतंत्र समास आहे (दशक १४, समास २) आणि त्यात भिक्षेला कामधेनू म्हटले आहे. भिक्षेच्या निमित्ताने खेडी-नगरे, लहानथोर माणसे पाहून, पारखून पुढे जावे असाही उपदेश आहे. म्हणजे पोट भरणे हा भिक्षेचा सर्वांत लहान उपयोग. मागताना मीपणा झिजतो आणि समाजही कळतो. सज्जनगडावरून समर्थांच्या पादुका घेऊन भिक्षेला निघण्याची प्रथा आजही चालू आहे.

वेणास्वामी

साधकावस्थेचे सर्वांत बोलके चरित्र मिरजेच्या वेणाबाईंचे आहे. बालविधवा. सासर मिरजेला. तुळशीपाशी एकनाथी भागवत वाचत असता भिक्षेला आलेल्या रामदासांशी तिची गाठ पडली आणि तिने प्रश्न विचारले, अशी कथा आहे. पुढे कीर्तनाला जाते म्हणून लोक बोलू लागले, घरच्यांनी विष दिले, त्यातून ती वाचली, आणि समर्थांबरोबर चाफळला गेली. विषाची कथा सांप्रदायिक चरित्रांतली आहे. शब्दशः ती कशी घ्यायची हे ज्याने त्याने ठरवावे, पण सतराव्या शतकात विधवेने शंका विचारण्याची किंमत काय असे, एवढे तिच्यातून नक्की कळते.

समर्थांनी तिला उभे राहून कीर्तन करण्याचा अधिकार दिला आणि मिरजेच्या मठाचे महंतपद सोपवले. तिच्या रचनांत *सीतास्वयंवर* सर्वांत प्रसिद्ध. जिच्या वाट्याला स्वतःचा संसार आला नाही, तिने लग्नसोहळ्याचे एवढे तपशीलवार आणि रसाळ वर्णन केले, यात टीकाकारांना विसंगती दिसते. विषयावरची मालकी सुटलेली असल्याखेरीज इतका निर्मळ आनंद शब्दांत उतरणे कठीण, असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल. वेणास्वामींनी शके १६०० (इ. स. १६७८) मध्ये सज्जनगडावर देह ठेवला; त्यांचे वृंदावन गडावर आहे. अक्कास्वामी ही याच परंपरेतली दुसरी स्त्री. समर्थांमागे चाफळ व सज्जनगडाचा कारभार सांभाळण्यात तिचा मोठा वाटा होता. तरीही ही दोन नावे अपवादाचीच म्हणावी लागतात. महंतांची यादी बहुतांशी पुरुषांची आणि ठरावीक जातींची राहिली, हे या परंपरेचे उणेपण झाकण्यात अर्थ नाही.

गोंदवले आणि वारीची वाट

माण तालुक्यातील गोंदवले बुद्रुक येथील ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५–१९१३) साधकाचे साधन एकाच गोष्टीवर आणले: 'श्रीराम जय राम जय जय राम' या त्रयोदशाक्षरी मंत्राचे नामस्मरण. लहान वयात गुरूच्या शोधात घर सोडून गेलेल्या महाराजांना येहळेगावच्या तुकामाईंनी अनुग्रह दिला आणि पुन्हा प्रपंचात पाठवले. आईला काशीयात्रेला नेण्याआधी त्यांनी घर लुटवले, अशी कथा चरित्रांत आहे. मात्र त्यांच्याकडे येणाऱ्या कारकून, मास्तर, शेतकरी यांना त्यांनी घर लुटवायला सांगितले नाही. नाम घ्या आणि कर्तेपण रामाकडे द्या, एवढेच सांगितले. दुष्काळी माणदेशात अन्नदानाला त्यांनी दिलेले महत्त्वही समजण्यासारखे आहे. सातारा-पंढरपूर रस्त्यावरच्या त्यांच्या समाधिमंदिरात येणाऱ्याला आजही प्रसादाचे जेवण मिळते.

वारकऱ्यांकडे साधकाचा प्रवास पायांनी होतो. आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पादुका पालखीतून नेण्याचा आजचा शिस्तबद्ध सोहळा सुरू केला तो सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी, १८३२ च्या सुमारास. शिंदे सरकारच्या पदरचा हा माणूस सरदारकी टाकून आळंदीला राहिला, आणि समाधीसाठी त्याने महाद्वारातली पायरी पत्करली. तीच हैबतबाबांची पायरी. पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी सातारा जिल्ह्यातून जाते आणि चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते.

उमदी आणि सांगली

जत तालुक्यातील उमदीचे भाऊसाहेब महाराज (१८४३–१९१४) हे निंबर्गी महाराजांचे शिष्य. निंबर्गी, उमदी, इंचगेरी ही गावे मराठी-कानडी सीमेवरची, त्यामुळे या संप्रदायात दोन्ही भाषांतली पदे गायली जातात. नेमाच्या वेळा ठरवून तासन्‌तास नामध्यान करण्यावर भाऊसाहेबांचा कटाक्ष होता आणि सकाळ, दुपार, रात्रीच्या भजनांबरोबर दासबोधाचे वाचन हा नेमाचा भाग असे. सज्जनगडाचा ग्रंथ दुसऱ्या गुरुपरंपरेत असा रुजला.

त्यांचे शिष्य रामचंद्र दत्तात्रेय रानडे (१८८६–१९५७), म्हणजे गुरुदेव रानडे, यांनी १९०१ मध्ये नाम घेतले तेव्हा ते शाळकरी होते. पुढे ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाशी त्यांचा संबंध आला आणि नंतर त्यांनी अलाहाबाद विद्यापीठात अध्यापन केले. महाराष्ट्रातील संतांच्या गूढानुभवावरच्या १९३३ च्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी संतांचे प्रकार पाडले: ज्ञानेश्वर बुद्धिप्रधान, एकनाथ समन्वयी, तुकाराम व्यक्तिनिष्ठ आणि रामदास कर्मप्रवण. वर्गीकरण सोयीचे आहे, पण रामदासांच्या बाबतीत ते अपुरे पडते. करुणाष्टकांतली व्याकुळता आणि आत्मनिवेदनातला विवेक कर्मप्रवणतेच्या रकान्यात मावत नाही. रानड्यांनी स्वतः निवृत्तीनंतर सीमेपलीकडच्या निंबाळला आश्रमात राहून नेम चालवला आणि तिथेच त्यांचा अंत झाला.