मार्कशीट हरवली असेल तर व्हिसासाठी शिक्षण कसं सिद्ध करायचं? इंदूरकरांसाठी माहिती

माझ्या मावसबहिणीच्या बीएस्सीच्या मार्कशीटा दोन घरं बदलताना कुठेतरी गेल्या. कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा, अर्ज भरायला बसली तेव्हा हातात उरली होती दुसऱ्या वर्षाची एक पिवळी झेरॉक्स, घडीवर फाटलेली. बिचारी दोन दिवस रडली. पण त्या झेरॉक्सच्या कोपऱ्यात विद्यापीठाचा नामांकन क्रमांक (एनरोलमेंट नंबर) अजून वाचता येत होता, आणि पुढचं सगळं काम त्या एका क्रमांकावर झालं.

आपल्या कपाटातला कागद गेला तरी विद्यापीठाच्या रजिस्टरातली नोंद जागेवर असते, आणि परदेशात तपासली जाते ती हीच नोंद. म्हणून ती कोणाकडे आहे, हे आधी शोधा. इंदुरात नेमकी इथेच गफलत होते. इंदूर विद्यापीठ 1964 साली सुरू झालं. त्याआधीची पदवी असेल तर उज्जैनचं विक्रम विद्यापीठ, आणि 1957 च्याही आधीची असेल तर बहुधा आग्रा. इंदूर विद्यापीठाचं नाव देवी अहिल्या विश्वविद्यालय झालं 1988 मध्ये. मार्कशीटवर जुनं नाव आणि आजच्या पत्रावर नवं नाव पाहून परदेशातला तपासनीस बुचकळ्यात पडू शकतो. तेव्हा दोन्ही एकच, असं विद्यापीठाचं पत्र सोबत मागून घ्या. इंजिनीअरिंगवाल्यांसाठी 1998 हे वर्ष महत्त्वाचं. त्या वर्षी भोपाळचं राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालय स्थापन झालं, त्यामुळे कॉलेज इंदूरचंच असलं तरी तुमच्या बॅचची पदवी कोणी दिली ते आधी कॉलेजात विचारा. दहावी-बारावीचं रेकॉर्ड भोपाळच्या माध्यमिक शिक्षा मंडळाकडे, आणि त्याची द्वितीय प्रत एमपी ऑनलाइनच्या कियॉस्कवरून मागवता येते. सगळ्यात आधी डिजिलॉकर उघडून बघा. अलीकडची मार्कशीट तिथेच सापडली तर पुढची धावपळ वाचेल.

द्वितीय प्रतीसाठी कागद हरवल्याची पोलिसांत नोंद (मध्य प्रदेश पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ती घरबसल्या होते), नोटरीचं शपथपत्र, ओळखपत्र आणि फी, एवढं साधारण लागतं. शपथपत्रात "शैक्षणिक कागदपत्रे" असं मोघम लिहू नका. कोणत्या परीक्षेची, कोणत्या वर्षाची, कोणत्या रोल नंबरची मार्कशीट, ते लिहा. रोल नंबर आठवत नसेल तर कॉलेजच्या प्रवेश रजिस्टरात, जुन्या टीसीवर, नाहीतर पहिल्या नोकरीच्या फाइलमध्ये शोधा. देवी अहिल्या विश्वविद्यालयाचं कार्यालय इंदुरात आरएनटी मार्गावरच्या नालंदा परिसरात आहे. जाताना अर्जाची एक जादा प्रत न्या आणि तिच्यावर आवक शिक्का व तारीख मारून घ्या.

आपल्या मराठी घरांतली एक खास अडचण म्हणजे नाव. सासरी आल्यावर आडनावाबरोबर पहिलं नावही बदलायची रीत. मार्कशीटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि दोन्हींत एक अक्षर समान नाही. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र, किंवा नावबदलाचं राजपत्र, अर्जासोबत पहिल्याच दिवशी जोडा. मागितल्यावर देऊ म्हणून थांबलात तर महिने जातात.

आता कॅनडा. एक्स्प्रेस एंट्रीसाठी, म्हणजे पीआरच्या ऑनलाइन अर्जपद्धतीसाठी, पदवीचं मूल्यांकन, म्हणजे ईसीए, करून घ्यावं लागतं. वेस (WES) ही ते करणाऱ्यांतली सर्वांना ठाऊक असलेली संस्था. इथे तुमच्या हातातली द्वितीय प्रत पुरत नाही. विद्यापीठाने गुणपत्रिका साक्षांकित करून, पाकिटात बंद करून, झाकणावर सही-शिक्का मारून पाठवायची असते, आणि पाकिटावर तुमचा वेसचा संदर्भ क्रमांक लागतो. ते पाकीट तुमच्या हाती दिलं तर तसंच पाठवा. उत्सुकतेपोटी उघडलंत की ते बाद! ईसीए पाच वर्षं चालतं.

अमेरिकेचा नियम वेगळा आहे, आणि रेकॉर्डच सापडत नसेल त्याने तो नीट समजून घ्यावा. तिथे पायऱ्या ठरलेल्या आहेत. मूळ दाखला नसेल तर तो का मिळत नाही याचं संबंधित कार्यालयाचं लेटरहेडवरचं पत्र आणि सोबत दुय्यम पुरावा. दुय्यम पुरावाही नसेल तर किमान दोन शपथपत्रं, तीही अर्जात पक्षकार नसलेल्या आणि तुमच्या शिक्षणाची स्वतःला माहिती असलेल्या माणसांची. वर्गमित्र चालेल, शिकवलेले सर चालतील. नुसतं "मी यांना ओळखतो" पुरत नाही. कोणतं वर्ष, कोणते विषय, कुठे एकत्र बसलो, हे आलं पाहिजे. प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, म्हणजे पदवीआधी मिळणारा तात्पुरता दाखला, हाती असेल तर तेही जपा. एका भारतीय प्रोव्हिजनल सर्टिफिकेटच्या प्रकरणात तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या अपील कार्यालयाने 2017 मध्ये ठरवलं की पदवीच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या असतील तर ते विचारात घेता येतं. एच-1बी या नोकरीच्या व्हिसामध्ये तर शिक्षणाच्या एका कमी वर्षामागे तीन वर्षांचा योग्य अनुभव मोजता येतो. ग्रीन कार्डला मात्र ही सवलत गृहीत धरू नका.

दाखला का मिळत नाही याचं ते लेटरहेडवरचं पत्र लागतं म्हणूनच सांगते, तोंडी "रेकॉर्ड नाही" हे उत्तर घेऊन परतू नका. आमच्या ओळखीतल्या एका काकांना एका कार्यालयाच्या खिडकीवर हेच सांगितलं होतं. त्यांनी तिथेच उभं राहून "हे लेखी द्या" असा अर्ज लिहिला, आणि आठवड्याभरात रजिस्टर सापडलं. अर्जाला दाद मिळाली नाही तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकाराखाली विचारा: अमुक वर्षाचं, अमुक परीक्षेचं टॅब्युलेशन रजिस्टर (सगळ्यांचे गुण नोंदवलेली वही) कार्यालयात आहे का, नसेल तर कधी आणि कोणत्या आदेशाने नष्ट केलं? उत्तराची मुदत 30 दिवसांची. रजिस्टर खरंच नसेल तर ते उत्तर तुमच्या फाइलमधला भक्कम कागद ठरतो.

जुन्या मार्कशीटा फक्त हिंदीत असतील तर इंग्रजी अनुवाद जोडावा लागतो. अमेरिकेसाठी अनुवादकाने तो पूर्ण व अचूक असल्याचं आणि आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचं सहीनिशी लिहून द्यायचं असतं.

"डिग्री काढून देतो" म्हणणारे एजंट भेटतील. कृपा करून त्यांच्या दारात जाऊ नका. खोटा कागद पकडला गेला तर कॅनडात पाच वर्षं प्रवेशबंदी, आणि अमेरिकेत कायमची दारं बंद होऊ शकतात. मग खरी पदवी असूनही उपयोग नाही.

बहिणीने विद्यापीठाकडून एकाच खेपेत दोन बंद पाकिटं मागितली होती. एक वेसला गेलं. दुसरं तिच्या आईच्या लोखंडी कपाटात आहे, न उघडलेलं, झाकणावर गोल शिक्का असलेलं.